मातीवरची चढाई, मॅटवरची पकड

प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले की शिरूर तालुक्याच्या घोड-कुकडीकडच्या गावांत, कवठे येमाईपासून टाकळी हाजीपर्यंत, टीव्हीसमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘याला तर आपल्या पोरांनी कधीच धरला असता.’ बोलणाऱ्याला खेळातलं कळत नाही असं नसतं. बहुतेकदा तो स्वतः शाळेत असताना खेळलेला असतो. शिवाय गावात एखादा गडी खरंच असा असतो, की जत्रेच्या सामन्यात तिघांना अंगावर घेऊन मध्यरेषेला हात लावतो. त्यामुळे ते वाक्य फुशारकी म्हणून सोडून देता येत नाही. ते नीट तपासायला हवं. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूतलं अंतर नेमकं कशात असतं, हे आपल्याकडे पोरांना कुणी सांगत नाही. मग चांगल्या अंगाचा, चांगल्या दमाचा खेळाडू वीस-बाविसाव्या वर्षी खेळ सोडतो आणि आपण कुठे कमी पडलो हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

पहिली गफलत होते ती तुलनेसाठी माणूस निवडण्यात. आपण थेट परदीप नरवालपाशी जातो. २०१७ च्या हंगामात त्याने एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले, त्यातले ८ एकाच चढाईत. असा माणूस पाहिला की ‘तो देवाघरचाच’ म्हणायचं आणि विषय बंद. खरी तुलना करायला हवी ती संघाच्या बाकावर बसलेल्या, हंगामात दोन-चार सामन्यांतच मैदानात उतरणाऱ्या खेळाडूशी. ज्याचं नाव आपल्याला आठवत नाही, तो आपल्या गावच्या हुकमी गड्यापेक्षा किती पुढे आहे?

अमेरिकेत बास्केटबॉलच्या बाबतीत याचा जाहीर निकालच लागला होता. ब्रायन स्कॅलाब्रिनी हा एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ११ हंगाम खेळलेला खेळाडू. बहुतेक काळ तो बाकावरच असे आणि कारकिर्दीतली सरासरी सामन्याला जेमतेम ३ गुणांची. बोस्टन सेल्टिक्सच्या २००८ च्या विजेत्या संघात तो होता, पण प्रेक्षक त्याची थट्टाच जास्त करत. ‘याच्यापेक्षा आम्ही बरे खेळतो’ असं म्हणणारे पुष्कळ होते. निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, बोस्टनच्या एका रेडिओ केंद्राने अशांपैकी चौघांना निवडून त्याच्यासमोर एकास एक उभं केलं. चौघेही खेळणारे होते, नुसते बघे नव्हते. चारही लढतींची बेरीज निघाली ४४-६. प्रेक्षकांना सगळ्यात सामान्य वाटलेला व्यावसायिक खेळाडूसुद्धा लेब्रॉन जेम्ससारख्या अव्वल खेळाडूच्या जितका जवळ असतो, तितका चांगला हौशी खेळाडू त्याच्या जवळ नसतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

कबड्डीत हे अंतर गुणफलकाच्याही आधी पायांत दिसतं. बोनसचंच घ्या. निदान रेषेच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात जण उभे असतील तरच तो गुण मिळतो. एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. गावच्या सामन्यात पंचांशी होणारी निम्मी भांडणं या मागच्या पायावरून होतात. चढाईपटूला वाटतं आपण रेषा ओलांडली, आणि ओलांडलेली असतेही. पण मागच्या पायाचा अंगठा मातीला चिकटून राहिलेला असतो, कारण पुढे पाय टाकताना अंगाचा भार मागेच ठेवायची त्याची सवय आहे. व्यावसायिक खेळाडूचा भार पुढच्या पायावर जातो, मागचा आपोआप उचलला जातो, आणि तेवढ्यातच कंबर परतीच्या दिशेला वळलेली असते. ही एक हालचाल त्याने एवढ्या वेळा केलेली असते, की सामन्यात त्याला तिचा विचारही करावा लागत नाही. त्याचं लक्ष कोपऱ्यावर, म्हणजे बचावाच्या टोकाला उभ्या असलेल्या गड्यावर असतं.

राखीव क्षेत्राचंही असंच. झटापट सुरू होईपर्यंत ती बाजूची पट्टी मैदानात धरली जात नाही. स्पर्श होण्याआधी तिच्यात पाय पडला की खेळाडू बाद. हौशी संघांचे कोपरे असे फुकट बाद होताना मी किती वेळा पाहिलेत. चढाईपटू नुसता बाजूने सरकतो, कोपरा त्याच्याबरोबर सरकत जातो, आणि हात न लावता गुण जातो.

पण खरं अंतर पकडीत आहे. एकदा आमच्या भागात संध्याकाळच्या सरावाला एक पाहुणा आला होता, नोकरीच्या संघातून खेळणारा, सुट्टीवर आलेला. तो उजव्या कोपऱ्याला उभा राहिला. गावचा हुकमी चढाईपटू आला, हात मारल्यासारखं केलं, परत गेला. पाहुणा हलला नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. बाजूची पोरं चुळबुळायला लागली. चौथ्या चढाईला गडी परत फिरायला वळला आणि पाहुण्याने वाकून त्याचा घोटा दोन्ही हातांत घेतला. उडी नाही, झेप नाही. जणू खाली पडलेली वस्तू उचलली. गडी जागच्या जागी बसला. पोरांनी विचारलं, “दादा, आधी का नाही गेलात?” तो म्हणाला, “परत फिरताना हा कुठला पाय रोवतो ते बघत होतो. प्रत्येक वेळी डावाच रोवतोय.”

गावची पोरं चढाईपटू आत येत असताना त्याच्यावर धावतात. त्या वेळी त्याचे दोन्ही पाय मोकळे असतात आणि डोळे समोर. व्यावसायिक कोपरा तो वळायची वाट पाहतो, कारण वळताना भार एका पायावर येतो आणि नजर सुटते. त्यातही कोपरा एकटा जात नाही. त्याने घोटा धरला की मध्यरक्षक त्याच दमात अंगावर येतो, साखळी मध्यरेषेचा रस्ता बंद करते. आपल्याकडेही चौघे जातात, पण एकापाठोपाठ एक जातात, आणि ताकदवान गडी चौघांनाही एकेक करून झटकतो. मग टाळ्या पडतात. त्या टाळ्यांतला बराचसा वाटा बचावाच्या चुकीचा असतो, हे त्या ताकदवान गड्याला कुणी सांगत नाही. पुढे जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्याच चढाईला त्याची पकड होते आणि घरी येऊन तो म्हणतो, वशिला चालला.

वेळेचा हिशेबही हौशी खेळात सुटतो. सामना २०-२० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. प्रत्येकाने पूर्ण वेळ घेतला तरी दोन्ही संघांच्या मिळून ८० च्या आसपास चढाया होतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. व्यावसायिक संघ या तिसऱ्या चढाईसाठी वेगळा माणूस राखून ठेवतात आणि समोरच्याची तिसरी चढाई कोण करणार, तो कुठल्या बाजूला जातो, हे चित्रफिती पाहून आधीच पाठ केलेलं असतं. आपल्या सामन्यात आघाडीवर असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत जोशात येऊन उगाच पकडीला जातो आणि हातातला सामना घालवतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो. हे नियमात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तीनच गडी उरल्यावर त्यांनी कुठे उभं राहायचं याचा सराव फार थोडे संघ करतात.

मॅट हा आणखी एक अडसर. मातीत पाय थोडा घसरतो, आणि त्या घसरण्याचाच आधार घेऊन आपला चढाईपटू वळतो. मॅटवर बूट चिकटतो. माती सोडून पहिल्यांदा मॅटवर गेलेला खेळाडू तसाच वळायला जातो आणि गुडघा धरून खाली बसतो. पुरुषांच्या १३ बाय १० मीटर मैदानाला पुरेल एवढी मॅट घ्यायची तर खर्च लाखांत जातो. तो एका गावाला झेपणारा नाही. बालेवाडीचं क्रीडा संकुल याच जिल्ह्यात आहे, पण रोजच्या सरावाला शिरूरच्या या टोकाहून तिथे कोण जाणार? तालुक्यात दोन-तीन ठिकाणी कायमची अंथरलेली मॅट असणं ही माझ्या मते साधी, रास्त मागणी आहे.

आणि दिवस. गावातला खेळाडू सकाळी उसाला पाणी देऊन किंवा रांजणगाव एमआयडीसीतली पाळी करून संध्याकाळी मैदानावर येतो, तासभर खेळतो. लीगमधला खेळाडू सकाळी व्यायाम करतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी सराव करतो. काय खायचं ते ठरलेलं, दुखलं तर फिजिओ हजर. दोघांची हिंमत सारखी असेल, पण एकाच्या आठवड्यात दुसऱ्याचा महिना मावतो.

कवठे येमाईसारख्या गावाला हे समजायला जड जाऊ नये. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी लिहिलेल्या लावण्या आणि वग तमाशाच्या फडांनी गावोगाव नेले, आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. उत्सवात हौसेने वग बसवणारं मंडळ आणि दसऱ्याला बाहेर पडून वैशाखापर्यंत रोज नव्या गावात उभा राहणारा फड, यांच्यात काय फरक असतो हे इथल्या जुन्या माणसांना विचारा. मंडळातल्या एखाद्याचा आवाज फडातल्या गड्यापेक्षा गोड असू शकतो. पण घसा बसला असताना, माईक बंद पडला असताना, समोरची मंडळी उठायला लागली असताना वग शेवटपर्यंत नेणं फडातल्यालाच जमतं. तिसऱ्या चढाईला हेच लागतं.

पूर्वी कबड्डीत व्यावसायिक होणं म्हणजे नोकरी लागणं. रेल्वे, सेनादल, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र या संघांनी महाराष्ट्राची कबड्डी जगवली; खेळाडू सकाळी हजेरी लावून दुपारी मैदानावर जाऊ शकत होता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा सर्वात महाग खेळाडू राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि हा खेळाडू इराणचा.

इराणची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९० मध्ये आशियाई खेळांत कबड्डी आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. २०१४ च्या अंतिम सामन्यात इराणला भारताने हरवलं, पण फक्त २७-२५ असं. मग फझल अत्राचलीसारखे इराणी खेळाडू आपल्याच लीगमध्ये, आपल्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली, आपल्याच चढाईपटूंना रोज धरायला लागले. २०१८ ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं बाहेर काढलं. इराणमध्ये कुस्तीची जुनी परंपरा आहे, अंगात ताकद होतीच. ती केव्हा वापरायची हे त्यांना रोजच्या व्यावसायिक खेळाने शिकवलं. कमी पडत होतं ते शिकता येण्यासारखं होतं, आणि काही वर्षांत ते शिकले.

आपली पोरंही शिकतात. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई एका हंगामाच्या जोरावर १ कोटी ४५ लाखांच्या बोलीपर्यंत गेला. नदीपलीकडच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्याचा खेळ पुन्हा लावून पाहा. तो उगाच उड्या मारत नाही. बोनस घेतो, परत येतो, बचावात जागा सोडत नाही. गावच्या पोरांनी नक्कल करायचीच असेल तर याची करावी. बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटायची डुबकी नंतर शिकता येते.

मुलींचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि मला तो जास्त लागतो. २०१२ चा महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०२३ च्या आशियाई खेळांत भारतीय महिलांनी तैवानच्या संघाला २६-२५ असं हरवून सुवर्ण आणलं. पण मुलांसाठी दर वर्षी लीग होत असताना मुलींच्या वाट्याला २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा आली आणि तिथेच थांबली. मुलाला निदान टीव्हीवर दिसतं की कुठे पोचायचं आहे. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत १२ बाय ८ मीटरच्या मैदानावर घोटा धरणाऱ्या नववीतल्या मुलीसमोर आज फक्त सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिला खेळू देणारं घर तिला हवं आहे.