खेचर, उंदीर आणि गुणसूत्रांची वाटणी



माळेगावच्या खंडोबाची यात्रा आपणांस नवी नाही. तेथील घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार आपण पाहिलेलाच आहे. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर जन्मते. अंगाने धट्टेकट्टे, ओझ्याला चिवट. परंतु त्याला संतती म्हणून होत नाही. असे का व्हावे?

प्राण्यांच्या पेशींत गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात. ते जोडीने असतात. एक आईचा, एक बापाचा. बीज तयार होताना प्रत्येक धागा आपल्या जोडीदाराजवळ येतो आणि मग दोघे वेगळे होऊन बीजात निम्मे धागे उतरतात. घोड्याचे धागे ६४, गाढवाचे ६२. खेचराला ३२ आणि ३१ मिळून ६३ येतात. जोडीदार जुळत नाहीत आणि बीज बनण्याचे काम तेथेच अडते.

मग धागे कमी असणे हाच दोष काय? नव्हे. घरातल्या उंदराचे धागे ४०. परंतु स्वित्झर्लंडमधील पोस्कियाव्हो खोऱ्यात २६ धाग्यांचे उंदीर आढळले. दोन-दोन धागे एकमेकांस चिकटल्याने संख्या घटली, ऐवज मात्र तितकाच राहिला. त्यांना आपसांत पिल्ले होतात. पण त्यांचा साध्या उंदराशी संकर केला, की घोटाळा सुरू होतो. संकरित मादीत अंडपेशी बनताना एका जोडधाग्यासमोर दोन सुटे धागे येतात. तिघांची वाटणी चुकली, की अंडपेशीत एखादा धागा अधिक तरी जातो किंवा उणा तरी. तिच्यातून वाढणारा गर्भ बहुधा पोटातच दगावतो. मादी धडधाकट दिसते. पिल्ले मात्र थोडी.

दुसरा प्रकार एक्स या धाग्याचा. मादीत तो दोनदा असतो. एकच एक्स असलेली उंदरीण व्यायते, परंतु तिच्या पुष्कळ अंडपेशी आरंभीच मरतात आणि वीण लवकर थांबते. स्त्रीमध्ये असे झाले, तर अंडपेशींचा साठा बहुधा वयात येण्यापूर्वीच सरतो.

उंदरांची ही कथा आम्ही येथे का सांगावी? कारण माणसाच्या ४६ धाग्यांची वाटणीही अशीच होते आणि अशीच चुकते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत धाग्यांचा हिशेब चुकलेला असतो. पुरुषातही एक एक्स अधिक आला, तर बीज बहुधा तयार होत नाही. तरीही आपल्याकडे बोल लागतो तो सुनेलाच. वांझ हा शब्द तिच्या कपाळी मारून आपण मोकळे होतो.

वारंवार गर्भ पडत असेल, तर नवरा-बायको दोघांच्याही रक्तातून गुणसूत्रे तपासता येतात. धाग्यांची अदलाबदल झालेल्या कित्येक जोडप्यांना पुढे निरोगी मूल होते. ज्यांना होत नाही, त्यांना निदान कारण तरी कळते. पेशीतल्या वाटणीची चूक ही कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे, एवढे आज येथून घरी नेले, तरी पुष्कळ झाले.