प्रश्नमंजुषेचे गुण आणि सचोटीची कसोटी

धुळे जिल्ह्यातील नरडाण्यासारख्या गावात राहूनही आयआयटीच्या प्राध्यापकांकडून प्रोग्रॅमिंग शिकणे आता शक्य आहे. 'एनपीटेल'चे प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०१४ मध्ये सुरू झाले. २०१७ पासून ते केंद्र सरकारच्या 'स्वयम' मंचावरही आले. शिकणे विनामूल्य असले, तरी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

गुणांचे सर्वसाधारण सूत्र सोपे आहे. साप्ताहिक स्वाध्यायांना २५, तर अंतिम परीक्षेला ७५ गुण. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांची सरासरी धरली जाते. खरी मेख पुढेच आहे. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. मित्राची उत्तरे उतरवून स्वाध्यायांत पैकीच्या पैकी २५ मिळवणारा विद्यार्थी परीक्षेत २७ वर अडकला, तर बेरीज ५२ होऊनही प्रमाणपत्र हुकते. याउलट, स्वतः धडपडून १२ आणि ३२ गुण मिळवणारा ४४ गुणांवर उत्तीर्ण ठरतो.

संकल्पनेवर चर्चा करावी, परंतु उत्तर आणि प्रोग्रॅम स्वतःचाच द्यावा, हा अशा अभ्यासक्रमांचा मूळ दंडक. केवळ चलांची नावे बदलून नक्कल लपत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित 'मॉस'सारख्या प्रणाली प्रोग्रॅमच्या रचनेतील साम्य हुडकतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेण्याची मुभा संस्थांना दिली. त्यामुळे हे गुण आता केवळ हौसेचे उरलेले नाहीत. ते थेट पदवीच्या गुणपत्रिकेत उतरू शकतात.