मोतीबिंदूच असेल कशावरून?

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात असो की शेजारच्या नेरुळच्या इमारतींत, सासूबाईंना कमी दिसू लागलं की शेजारीणच निदान करून टाकते, "मोतीबिंदू असेल हो! पिकला की काढू." मग वर्ष-दोन वर्षं वाट पाहण्यातच जातात.

भगिनींनो, इथंच घात होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. शस्त्रक्रियेनं ते बदलता येतं. पण डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, बदलता येत नाही. तो खराब होऊन गेलेली नजर बहुधा परत येत नाही. उरलेली मात्र पुष्कळदा राखता येते.

उतारवयात हा पडदा बिघडण्याची दोन मोठी कारणं. पहिलं मधुमेह. साखर नि रक्तदाब चढे राहिले की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. सुरुवातीला ना दुखतं ना खुपतं, दिसतंही चांगलं! म्हणून उतारवयात मधुमेह निघाला की लगेच, आणि पुढं दरवर्षी पडदा तपासून घ्यावा.

दुसरं कारण वय. पडद्याच्या मध्यावरचा पीतबिंदू झिजतो. घरात वावरता येतं, पण सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दिसत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. विडी-सिगारेटनं हा धोका वाढतो.

घरी एक परीक्षा करून पाहा. त्यांना चष्मा लावायला सांगा. एक डोळा तळहातानं झाकून कॅलेंडरचे चौकोन पाहू द्या, मग दुसरा. दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा वाइटाचं उणं झाकून घेतो. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधेच डाग दिसला तर एक-दोन दिवसांतच डॉक्टर गाठा. सारं ठीक दिसलं तरी तपासणी चुकवू नका.

सारसोळ्याहून नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय जवळ आहे. पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे. "पडदा तपासा" असं स्पष्ट सांगा. थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास अंधूक दिसतं, म्हणून सोबत जा, गॉगल न्या. गरज पडल्यास लेसर किंवा इंजेक्शन देतात. डोळा आधी बधिर करतात, घाबरू नये.

आणि गेलाच आहात तर स्वतःचे डोळेही दाखवून या. चाळिशी तुम्हीही ओलांडलीच असेल!