चीनमध्ये उन्हाळा लागताच मुगाचे पाणी का पितात? 'लीश्या'चे नियम काय? सोप्या शब्दांत समजून घ्या

दरवर्षी ५ किंवा ६ मेच्या सुमारास चीनमध्ये 'लीश्या' येतो. लीश्या म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. पारंपरिक चिनी वैद्यक या दिवसापासून खाण्या-झोपण्याच्या सवयी बदलायला सांगते. त्यातले उपयोगाचे काय आणि सावध कुठे राहायचे? जाणून घेऊया.

लीश्या म्हणजे काय?

चिनी कालगणनेत सूर्याच्या स्थितीनुसार वर्षाचे २४ भाग पडतात. सूर्य १५ अंश सरकला की नवा भाग सुरू होतो. लीश्या हा सातवा. २०१६ मध्ये युनेस्कोने ही कालगणना अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत घेतली.

वैद्यक काय सांगते?

'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षे जुन्या ग्रंथात उन्हाळ्याचा संबंध अग्नितत्त्व आणि हृदयाशी जोडला आहे. म्हणून हे सल्ले दिले जातात:

• सकाळी लवकर उठा, राग टाळा.
• दुपारी थोडी झोप घ्या.
• दमछाक करणारा व्यायाम नको. सकाळी ताई ची करा.
• बर्फगार पदार्थ कमी खा. त्याने पचन मंदावते, असे मानतात.

ताटात काय असते?

मुगाचे पातळ सूप, कारले, शेवंतीच्या फुलांचा चहा. शिवाय 'सुआनमेइतांग' हे धुरी दिलेल्या आलुबुखारासारख्या आंबट फळाचे सरबत. मूग आणि कारले तर आपल्याही स्वयंपाकघरात असतातच.

धोका कुठे?

अग्नितत्त्वाची कल्पना आधुनिक विज्ञान मानत नाही. पण भरपूर द्रवपदार्थ, हलके जेवण आणि भर उन्हात विश्रांती हे सल्ले दोन्हीकडे सारखेच आहेत.

औषधी वनस्पतींचे मात्र तसे नाही. सुआनमेइतांगमध्ये घातले जाणारे ज्येष्ठमध जास्त घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक महिलांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण निघाले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. त्यामुळे ऑनलाइन मिळणारी 'नैसर्गिक' पावडर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

हे लक्षात ठेवा

शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा काढा किंवा सरबत करत बसू नका. रुग्णाला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि लगेच १०८ वर फोन करा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नका.