सेल्फ

गॅरेजमधल्या मराठीत ‘सेल्फ’ या शब्दाला आत्मा, स्वत्व वगैरे अर्थांचा वाराही लागलेला नाही. तिथे सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. ‘सेल्फ उचलत नाही’, ‘जरा सेल्फ मारून बघा’, ‘सेल्फ खाली उतरवावा लागेल’. मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर. आपण त्याचा मागचा अर्धा टाकला आणि पुढचा ठेवला. गंमत अशी की इंजिन स्वतःहून कधीच सुरू होत नाही. पंख्याचं बटण दाबलं की पंखा फिरतो. इंजिनाला मात्र आधी कुणीतरी फिरवावं लागतं. हवा आत ओढली गेली, दाबली गेली, ठिणगी पडली, की मग ते आपल्या पायावर उभं राहतं. पहिले दोन-चार फेरे नेहमी उसने.

हे उसने फेरे पूर्वी माणूस देत असे. जुन्या जीपमध्ये आणि अँबॅसडरमध्ये त्यासाठी लोखंडी हँडल असायचं. ते मारायची एक शिस्त होती. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देई आणि हँडल मनगटावर येई. मनगटाजवळच्या हाडाच्या एका ठरावीक मोडीला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

हँडलची सक्ती गेली ती चार्ल्स केटरिंगमुळे. अमेरिकेतल्या डेटन गावचा हा माणूस आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे त्याने विजेवर चालणारं यंत्र केलं होतं. मोटारीचं इंजिन फिरवायला भलीथोरली मोटर लागेल, ती बोनेटखाली मावणार कुठे, असा तेव्हाचा प्रश्न होता. केटरिंगला गल्ल्याने शिकवलं होतं की मोटरीला दिवसभर राबायचं नसेल, चार सेकंदच जोर लावायचा असेल, तर कुवतीच्या कितीतरी पट भार तिच्यावर टाकता येतो. ती तापायच्या आत काम संपलेलं असतं. १९११ साली कॅडिलॅकवर चाचणी झाली आणि १९१२च्या मॉडेलमध्ये स्टार्टर कारखान्यातूनच बसून आला. त्या चार सेकंदांच्या हिशेबावर सेल्फ आजही चालतो. म्हणून सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मारलाच तर मध्ये थांबून त्याला निवू द्यावं. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

हायवेच्या कडेला ‘सेल्फ, डायनॅमो, वायरिंग’ अशी पाटी दिसते, तिथे बाकावर खोललेला सेल्फ बघायला मिळतो. दंडगोलाकार पोलादी डबा, आत तांब्याच्या तारा गुंडाळलेलं आर्मेचर, त्यावर टेकलेले कार्बन, आणि पाठीवर पोर घ्यावं तसा घेतलेला छोटा डबा, सोलेनॉइड. पुढच्या टोकाला नऊ-दहा दातांचं चिमुकलं चाक असतं. त्याला आपल्याकडे सरसकट ‘बेंडिक्स’ म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचं आडनाव असं कित्येक गावांत काळ्या तेलाच्या हातांनी रोज उच्चारलं जातं.

किल्ली फिरवली की सोलेनॉइड दोन कामं करतो. बेंडिक्स पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या शंभराहून जास्त दातांच्या रिंगमध्ये अडकवतो, आणि त्याच हालचालीत तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून मोटरीला बॅटरीचा पूर्ण करंट देतो. लहान पेट्रोल गाडीतही हा करंट शंभर अँपिअरच्या पुढे जातो. घरातला गीझर दहा-बारा अँपिअर घेतो, यावरून अंदाज यावा. इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरे फिरतं, पेट घेतं, आणि बेंडिक्स मागे सरतो. एवढ्यात काय बिघडलं हे ओळखायला चांगला कारागीर आधी बोनेट उघडत नाही. तो म्हणतो, “मारा एकदा.” आणि ऐकतो.

टक-टक-टक-टक असा मशीनगनसारखा आवाज आला तर सोलेनॉइड बिचारा काम करतोय. तो संपर्क जोडतो, मोटर करंट खेचते, त्याबरोबर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइडची पकड सुटते, संपर्क तुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतो, आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत. एकच दणकट टक येऊन शांतता पसरली तर सोलेनॉइडने आपलं काम केलं, पुढे मोटर अडली आहे. संपर्क जळलेले असतील, कार्बन झिजले असतील, क्वचित इंजिनच जाम असेल. आणि काहीच आवाज नसेल, तर हुकूमच पोचलेला नाही. मग इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, ऑटोमॅटिक गाडीत गियर पी किंवा एनमध्ये आहे का, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबला आहे का. शेवटच्या कारणासाठी लोक टोइंगवाल्याला पैसे देतात, हे मी पाहिलं आहे.

अंधारात हेडलाइट लावून सेल्फ मारला तर डोळ्यांनाही कळतं. लाइट विझत आला तर करंट कमी पडतोय. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि गाडी गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट सेल्फपर्यंत जातच नाही.

हे मला आज सांगता येतं कारण एकदा मी नवी बॅटरी विकत घेतली. गाडी सकाळी टक करून थांबायची, दुपारी उन्हात लागायची. दुकानदाराने जुन्या बॅटरीला मीटर लावला, तोंड वाकडं केलं, नवी बसवली. चार दिवसांनी पुन्हा टक. मग एका वायरिंगवाल्याने जुन्याच पद्धतीने पाहिलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या लोखंडावर, आणि मला म्हणाला, “साहेब, मारा.” त्या दोन ठिकाणांत फरक जवळपास शून्य दिसायला हवा, पॉइंट दोन व्होल्टपर्यंत चालतो. मीटर दोनाच्या वर गेला. इंजिनाला चॅसीशी जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती. बारा व्होल्टांतले दोन तिथेच उष्णता होऊन जात होते. पट्टी अगदी किरकोळ किमतीची. जुनी बॅटरी मी परत मागायला गेलो, ती एव्हाना भंगारात गेली होती.

ही तपासणी करंट वाहत असताना करायची, हे त्यातलं मर्म. कुजक्या वायरमधून मीटरला लागेल एवढा करंट सहज जातो, म्हणून नुसतं मोजलं तर सगळं ठीक दिसतं. शंभर अँपिअर मागितले की ती उघडी पडते. बॅटरीचंही तेच. स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, बाराच्या खाली गेली की जवळपास रिकामी. पण खरा प्रश्न सेल्फ मारताना ती साडेनऊच्या वर टिकते का, हा. थकलेली बॅटरी आरामात बारा दाखवते आणि भार आला की सहावर आपटते.

२०२०च्या टाळेबंदीत अनेकांना हे अंगावर आलं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना थोडा करंट लागतच असतो. पन्नास मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सव्वा अँपिअर-तासाच्या आसपास. लहान गाडीची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते, आणि रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो तो नंतर चार्ज करूनही पुरता जात नाही. त्यात उंदीर. वायरचं आवरण कुरतडण्याचा त्यांचा षोक सर्वांना ठाऊक आहे. बाप्पाचं वाहन आपल्या वाहनावर एवढं का रुसतं कोण जाणे.

जंपर केबल लावायची वेळ आली तर शेवटचं काळं टोक मेलेल्या बॅटरीच्या खांबावर लावू नये, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावावं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. धक्का मारण्याचा जुना उपाय मॅन्युअल गाडीला चालतो, पण बॅटरी अगदीच मेलेली असेल तर नाही. इंधनपंप आणि कॉम्प्युटर यांनाही जीव लागतो. सेल्फच्या डब्यावर पान्याने हलका टोला दिल्यावर गाडी लागली, तर अडकलेला कार्बन तात्पुरता सुटला असं समजावं आणि तशीच थेट कारागिराकडे न्यावी.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, हा वेगळा रोग, आणि तिथे सेल्फ निर्दोष सुटतो. पेट्रोल, ठिणगी, दाब यांतलं एक काहीतरी नाही. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून इंधनपंपाची दोन सेकंदांची गुणगुण येते का ते ऐकावं. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरत असेल तर हात आवरावा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो.

सगळ्यात महागडा सेल्फ पावसाळ्यात मारला जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तीच चूक कुठे ना कुठे होते. पाणी उतरलं की लोक आशेने किल्ली फिरवतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढलं असतं तर इंजिन बहुधा वाचलं असतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारूच नये, ढकलत न्यावी.

विजेवरच्या गाड्यांना सेल्फ नाही. फिरवायला इंजिनच नाही. पण त्यांच्या मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे संपर्क आणि गाडीचा कॉम्प्युटर चालतात ते बारा व्होल्टांच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर. ती बसली की शेकडो किलोमीटरचा चार्ज पोटात घेऊन गाडी दारात मुकी उभी राहते. अशा एका गाडीपाशी तो वायरिंगवाला परवा भेटला. हातात जंपर केबल होती आणि मालक विचारत होता, याचा सेल्फ कुठे असतो.