नाव हरवलेली गाणी

ग्रामोफोनची तबकडी हाती घेतली की तिच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाचे नाव आणि कंपनीचा क्रमांक वाचता येत असे. कॅसेटलाही छापील वेष्टन होते. संगणकातील गाण्याला मात्र ना कागद, ना वेष्टन. त्याची जी काही ओळख असते ती ध्वनीच्या फायलीतच दडवलेल्या छोट्याशा टिपणात असते. या टिपणाला ‘टॅग’ म्हणतात. ते चुकले तर गाणे ऐकू येते, पण कोणाचे ते कळत नाही.

एमपी-३ फायलींना असे टिपण जोडण्याची पद्धत १९९६ साली एरिक केम्प यांनी काढली. फायलीच्या अखेरीस अवघी १२८ बाइटांची जागा; तीत गाणे, कलावंत आणि अल्बम यांच्या वाट्याला प्रत्येकी ३० बाइट. कवी आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाना नव्हता, देवनागरीची तर सोयच नव्हती. १९९८ च्या सुधारित आवृत्तीने या उणिवा बऱ्याच अंशी भरून काढल्या. म्हणजे जागा झाली. ती भरण्याची सवय मात्र लागली नाही.

परिणाम कोणत्याही घरगुती संग्रहात पाहावा. एका ठिकाणी ‘भीमसेन जोशी’, दुसऱ्या ठिकाणी ‘पंडित भीमसेन जोशी’, तिसऱ्या ठिकाणी रोमन लिपीतील ‘पं.’, यंत्राच्या हिशेबी हे तीन निरनिराळे गवई ठरतात. अनधिकृत मार्गांनी आलेल्या फायलींत तर कलावंताच्या रकान्यात गाणे वाटणाऱ्याचीच जाहिरात असते. ‘गीतरामायणा’ची अवस्था आणखी बिकट. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत प्रसारित झाली. पुढे ती सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातही ध्वनिमुद्रित झाली. दोन्ही संचांवर तेच नाव असेल आणि गायकाचा रकाना रिकामा असेल, तर मूळ प्रसारण कोणते हे नवख्या श्रोत्याने कसे ओळखावे? ग. दि. माडगूळकरांचे नाव तर पुष्कळदा कोठेच नसते.

हा रिकामटेकड्या शौकिनांचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. इतिहास वेगळे सांगतो. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत तयार होत. तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. टिपण नव्हते, तेव्हा कलावंताने ते स्वतःच्या कंठाने लिहिले! याउलट, १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या पहिल्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. जो अन्याय एके काळी छापखान्यात झाला, तोच आज घरोघरी नकळत होत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यानेही आपल्या आविष्कारास आपले नाव लागण्याचा गायक-वादकांचा नैतिक हक्क मान्य केला आहे. नाव हे केवळ सोयीचे साधन नव्हे. ते श्रेय आहे.

इंटरनेटवरून हवे ते गाणे ऐकता येत असताना स्वतःचा संग्रह हवा कशाला, असा दुसरा आक्षेप. पण तेथील गाणे करार संपताच नाहीसे होऊ शकते. आणि नातेवाइकाने मैफलीत भरून घेतलेली कॅसेट तेथे कधी पोचलेलीच नसते. अशा दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचे राखणदार सामान्य घरेच आहेत. मैफलीला हजर असलेली पिढी हयात आहे तोवर राग कोणता, तबल्यावर कोण होते, हे विचारता येते. त्यानंतर विचारायचे कोणाला?

दुरुस्तीचे काम अवघड नाही; चिकाटीचे आहे. मूळ फायलींची प्रत आधी बाजूला ठेवावी. एका कलावंताचे एकच रूप ठरवावे आणि मराठी नावे देवनागरीतच लिहावीत. कवी, संगीतकार आणि साथीदार यांचे रकाने भरावेत. ‘म्यूझिकब्रेन्झ’सारख्या, स्वयंसेवकांनी उभारलेल्या खुल्या नोंदवहीच्या आधारे ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखणारी साधने विनामूल्य मिळतात; परंतु तिच्यात कोणी तरी लिहिले असेल तेवढेच त्यांना सापडते. म्हणून आपल्याला ठाऊक असलेले तेथेही नोंदवावे. मात्र जे ठाऊक नाही ते अंदाजाने भरू नये. रिकामा रकाना पुढच्याला शोधास प्रवृत्त करतो. चुकीचा रकाना त्याचा शोधच थांबवतो.

ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हे काम विक्रीपूर्वीच करावयास हवे, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि ती पुरी होईपर्यंत थांबणे परवडणारे नाही. सूर यंत्राने जपले आहेत. नावे जपण्याचे काम माणसांचेच आहे.