टॅपेट वाजत नाही

सकाळचे साडेनऊ. वाईहून पसरणी घाटाकडे निघालं की लागणारं हे गॅरेज. वर पत्रा, खाली वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी कुळकुळीत झालेली जमीन. माझी गाडी आत उभी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. नाव सांगायला नकोच. आमच्या पिढीतले निम्मे लोक तिच्यावरच चालवायला शिकले. मीटरवर १,४२,००० किलोमीटर.

"पिकअप गेलाय," मी म्हणते. "रविवारी पाचगणीला चौघं गेलो. पूर्वी बराचसा घाट तिसऱ्यावर काढायची. आता सेकंड टाकूनही मागचे हॉर्न वाजवतात."

मिस्त्री बॉनेट उघडत नाहीत. दार उघडतात, वाकतात आणि ॲक्सिलेटरच्या पेडलकडे बघतात. रबराचा खालचा कोपरा घासून गुळगुळीत झालेला.

"पाय किती खोल जातो बघा. आज जरा, पुढल्या वर्षी अजून जरा. रोजच्या माणसाला कळत नाय, बाई. घाट लागला की कळतं, कारण तिथं पेडल संपतं."

पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंच. हवा विरळ होते तशी अशा साध्या इंजिनाची ताकद शंभर मीटरला टक्काभर उतरते. म्हणजे पाच-सहा टक्के घाटानेच खाल्ले. पण घाट तर पूर्वीही एवढाच होता.

आधी किरकोळ गोष्टी उरकतात. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरतात, ठीक. जॅक लावून पुढची चाकं हातानं फिरवतात. ब्रेक कुठं अडकत नाहीत. जॅक काढून, हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायला लावतात. इंजिन गचका खाऊन बंद पडतं.

"क्लच चांगला हाय. आता कॉम्प्रेशन."

पोरगा पळत जाऊन गेज आणतो. तो असेल सतरा-अठराचा. इंजिन गरम आहे. तिन्ही प्लग निघतात, फडक्यावर ओळीनं मांडले जातात. पहिला आणि तिसरा विटकरी. मधला काळसर, ओलसर. कॉइलची वायर सुटते, प्लगच्या भोकात गेजची नळी घट्ट बसते.

"बाई, आत बसा. ॲक्सिलेटर पार तळाला दाबून ठेवा आन् सेल्फ मारा."

मी दाबते. इंजिन नुसतंच घुमतं, पेट घेत नाही. म्हशीनं धापा टाकाव्यात तसा आवाज. पाच-सहा धापा झाल्या की पोरगा हात वर करतो. पहिल्यात १५०. दुसऱ्यात १०५. तिसऱ्यात १४५.

"दुसरं," मिस्त्री म्हणतात. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती, हे ते बघतात. आता प्रत्येक भोकातून कुपीनं चमचाभर ऑइल आत जातं आणि पुन्हा सेल्फ. पहिलं १६५ वर चढतं. ऑइलनं रिंग आणि बोअरमधली फट तात्पुरती बुजली, म्हणजे तिथं थोडी झीज आहे. तिसऱ्याचंही तसंच. दुसरं मात्र १०८ वर अडतं. गळती रिंगांची असती तर काटा उसळला असता. हवा दुसरीकडून जातेय.

कुठून, ते शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडते. चौथा गिअर टाकून पोरगा गाडी इंच इंच ढकलतो. मिस्त्री बोट दुसऱ्या भोकावर ठेवून उभे. बोट आतून ढकललं जातं तशी ते मान हलवतात: पिस्टन दाबत वर येतोय, दोन्ही वॉल्व्ह बंद असायला हवेत. अजून जरा, बास, हँडब्रेक. मग काँप्रेसरची नळी भोकाला जोडतात.

"कान लावा, बाई. ऑइलच्या टोपणाशी."

मी वाकते. आत बारीक सुस्कारा, असेल नसेल एवढाच. ही रिंगांची हवा. कार्बोरेटरच्या तोंडाशी काहीच नाही. मागून पोरगा ओरडतो, "हितं हाय, हितं!" जाऊन बघते तर त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर तळवा धरलाय. मीही धरते. बंद गाडीच्या सायलेन्सरमधून गार हवेचा झोत हाताला लागतो, सायकलचा वॉल्व्ह ढिला असावा तसा. एक्झॉस्ट वॉल्व्ह.

वरचं झाकण निघतं. मिस्त्री फिलर गेजचं एक पान निवडतात. जाडी दोन केसांएवढी. पहिल्याच्या टॅपेटखाली ते सहज सरकतं. दुसऱ्याच्या एक्झॉस्टखाली जातच नाही. त्याहून पातळ, जात नाही.

"टॅपेट वाजतात का?"

"अजिबात नाही," मी जरा अभिमानानंच सांगते.

"तिथंच घोटाळा. वाजणारा टॅपेट बरा असतो. गॅसवर चालवली होती का?"

चालवली होती. सहा वर्षं, पेट्रोल परवडेना म्हणून. किट काढूनही बराच काळ झाला. गॅस कोरडा जळतो. वॉल्व्ह टेकतो ती सीट झिजते, वॉल्व्ह वर वर सरकतो आणि टॅपेटखालची फट मिटत जाते. मग तो पुरता बंद होतच नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह सहा-सातशे अंशांपर्यंत तापतो, आणि त्यातली बरीचशी उष्णता हेडला देऊन टाकायला त्याला सीटवर टेकलेला क्षणच मिळतो. तोच हुकला की कड जळते. मी दर पाच हजारांला ऑइल बदललं. टॅपेट मात्र शांत आहेत म्हणून कधी उघडू दिले नाहीत.

बाकड्यावर बसून बिलाच्या पाठीवर मी हिशेब करते. जुनी खोड, गणित शिकवलंय. किलोमीटरला एक मिनिट धरलं, मिनिटाला इंजिनाचे ३,००० फेरे, दोन फेऱ्यांत वॉल्व्ह एकदा उघडतो. १,४२,००० गुणिले १,५००. एकवीस कोटी तीस लाख. एकवीस कोटी वेळा तो नीट मिटला असेल तर माझी तक्रार फारच किरकोळ आहे.

तीन वाजता हेड खाली येतं. स्प्रिंग दाबून, लॉक काढून मिस्त्री वॉल्व्ह माझ्या हातात देतात. छत्रीसारखा आकार, कडेला नखाएवढी खाच, भोवती राखाडी. एवढीशी खाच आणि घाटात चार माणसं.

"आता नीट ऐका," ते हात पुसत म्हणतात. "नवा वॉल्व्ह, सीट कटिंग, हेडचं काम मी करतो. पन् रिंगा जुन्या हायत. वरनं टाइट केलं की खालचं बोलायला लागतं. ऑइल जरा खाईल. सगळंच करायचं तर इंजिन उतरवून बोअर करावं लागंल, खर्च चौपट."

"आणि नुसतं हेड केलं तर?"

"घाट चढंल. दर रविवारी डिपस्टिक बघायची."

मी घरी फोन लावते. तिकडून एकच प्रश्न येतो: चढेल ना? "नुसतं हेड करा," मी सांगते.

नवा वॉल्व्ह आणायला मिस्त्री स्कूटरला किक मारतात. पोरगा तोवर चांगल्या वॉल्व्हना हात घालतो. सीटवर पेस्टचं बोट फिरवतो, रबरी टोपीची काठी वॉल्व्हला चिकटवतो आणि दोन्ही तळव्यांत धरून घुसळायला लागतो, आजी ताकात रवी फिरवायची तशी. खर्र, खर्र. मधेच उचलून पाव फेरा फिरवतो, पुन्हा खर्र. हळूहळू आवाज मऊ होतो. तो वॉल्व्ह काढून पुसतो, उजेडात धरतो. कडेवर सारख्या रुंदीची एक करडी रेघ, कुठंही न तुटलेली.

"हा झाला," तो म्हणतो आणि पुढचा उचलतो.